शनवार तेल्यांचा शब्बाथ : घरी कसा पाळावा

कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्यांची एकेकाळी दोन नावे प्रचलित होती. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली आणि शनिवारी बंद ठेवणारे ते शनवार तेली. पहिल्यांचा सोमवार शंकरासाठी होता. दुसरे म्हणजे आम्ही बेने इस्राएल, कोकणातले यहुदी. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी आमची परंपरा सांगते. ग्रंथ गेल्यावर स्मरणात जे उरले त्यात ‘शेमा’ ही प्रार्थना होती, मुलांची सुंता होती, मासळी निवडून खाण्याचा नियम होता आणि आठवड्यातला हा एक विश्रामाचा दिवस, शब्बाथ, होता. शेजाऱ्यांना आमचा धर्म ठाऊक नव्हता, पण घाणा कोणत्या दिवशी थांबतो हे त्यांना दिसत होते, म्हणून त्यांनी दिलेल्या नावात आमच्या वाराचेच नाव आले.

ज्या घरात शुक्रवारचा दिवा अजून लागतो, परंतु त्यापुढे काय करायचे हे सांगणारी आजी आता नाही, अशा घरासाठी आणि विशेषतः नव्याने संसार मांडणाऱ्या जोडप्यासाठी पुढील माहिती लिहिली आहे. आपल्या समाजात प्रार्थनेचा सेफार्दी (मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या यहुदींचा) पाठ रूढ असल्यामुळे तोच येथे धरला आहे. तुमच्या घराण्याची चाल वेगळी असेल तर ती सोडू नये.

आधी आज्ञा नीट वाचावी

तोरात, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांत, दहा आज्ञा दोनदा येतात आणि शब्बाथचे कारण दोन्ही ठिकाणी वेगळे दिले आहे. ‘निर्गम’ या पुस्तकाच्या २०व्या अध्यायात ‘स्मरण ठेव’ असे म्हटले असून सहा दिवसांत सृष्टी घडवून सातव्या दिवशी ईश्वराने विश्राम घेतला हे कारण सांगितले आहे. ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ५व्या अध्यायात ‘पाळ’ असा शब्द आहे आणि तेथे कारण इतिहासाचे आहे : तू मिसर देशात दास होतास आणि तेथून तुला बाहेर काढले. दासाला सुटी नसते. म्हणून जो सुटला त्याने स्वतः थांबावे आणि आपल्या हाताखालच्यांनाही थांबू द्यावे. त्याच वचनात मुलगा, मुलगी, दास, दासी, वेशीच्या आतला परका माणूस यांच्या बरोबरीने बैल आणि गाढव यांचीही नावे घेतली आहेत. घाण्याला बैल जुंपणाऱ्या समाजाला हे वचन कुणी समजावून सांगण्याची गरज पडली नसावी. आज आपल्या घरात बैल नाही, पण स्वयंपाकाला येणारी बाई आहे आणि गाडी चालवणारा माणूस आहे. आपला शब्बाथ त्यांच्या श्रमावर उभा राहत असेल तर अनुवादातले ते वचन पुन्हा वाचावे.

शुक्रवार

शब्बाथ शनिवारचा असला तरी त्याचे बहुतेक काम शुक्रवारी दुपारपर्यंत उरकावे लागते. दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो आणि दिवा सूर्यास्तापूर्वी साधारण १८ मिनिटे लावण्याची चाल बहुतेक ठिकाणी आहे. मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सुमारे सहाला मावळतो आणि जूनच्या अखेरीस सव्वासातनंतर. म्हणजे हिवाळ्यात पावणेसहाच्या आधी सर्व तयारी हवी, तर पावसाळ्याच्या तोंडावर तासाभराहून अधिक वेळ हाताशी असतो. नोकरी करणाऱ्याने हिवाळ्यातल्या शुक्रवारी लवकर निघण्याची परवानगी आधीच काढून ठेवावी. लोकलच्या गर्दीत उभे राहून सूर्यास्त झालेला पाहणे क्लेशदायक असते.

स्वयंपाक तीन जेवणांचा करावा : शुक्रवार रात्र, शनिवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर आणि शनिवारी सूर्यास्तापूर्वी. मासळी घ्यायची तर पर आणि खवले दोन्ही असणारी घ्यावी, उदाहरणार्थ रावस. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, मुशी, शिंगाळा वर्ज्य. बाहेरून आलेले यहुदी धर्मशिक्षक दावीद राहबी कोकणात आले तेव्हा त्यांनी आपल्या समाजातल्या बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली आणि बायकांनी बिनखवल्यांची मासळी बाजूला काढली, त्यावरून हे यहुदीच आहेत अशी ओळख पटली, असे आपल्याकडे पिढ्यानुपिढ्या सांगतात. मांसाच्या कालवणाला दही किंवा साय चालत नाही, म्हणून नारळाचे दूध. मांसाहारी जेवणानंतर दुधाचा चहा सहा तास घेऊ नये, हेही लक्षात ठेवावे.

शनिवारी चूल पेटवायची नाही. अन्न पूर्ण शिजवून, गॅसची शेगडी मंद करून त्यावर जाड पत्रा टाकावा आणि त्या पत्र्यावर भांडी सूर्यास्तापूर्वीच मांडावीत. म्हणजे ज्योत झाकली जाते आणि आच कमी-जास्त करण्याचा मोह होत नाही. शेगडी रात्रभर चालू ठेवायची तर खिडकी उघडी असावी. लहान मुलांच्या घरात हा उपाय टाळून विजेची तवली आधीच चालू करून ठेवणे बरे. ज्यांना चहावाचून चालत नाही, त्यांनी शुक्रवारीच चहाचा दाट अर्क गाळून ठेवावा आणि उकळते पाणी थर्मासमध्ये भरावे. सकाळी ते पाणी आधी कोरड्या कपात ओतावे आणि मग त्यात अर्क घालावा.

किद्दूशसाठी, म्हणजे पेल्यावर म्हणायच्या शब्बाथच्या पावित्र्याच्या आशीर्वादासाठी, द्राक्षाचा रस किंवा द्राक्षारस लागतो. नियमाप्रमाणे तयार केलेला द्राक्षारस कोकणात मिळत नसे, म्हणून आपल्या समाजात मनुकांचे सरबत रूढ झाले आणि बाटल्या मिळू लागल्या तरी अनेक घरांत तेच चालते. मला स्वतःला तेच आवडते. एक वाटी काळ्या मनुका धुऊन दोन वाट्या पाण्यात सकाळपासून भिजत घालाव्यात, मग मंद आचेवर थोडा वेळ उकळून, थंड झाल्यावर हाताने चांगल्या कुस्करून फडक्यातून पिळून घ्याव्यात. मनुका रसदार असाव्यात. दगडासारख्या सुकलेल्या मनुकांचे नुसते रंगीत पाणी होते आणि त्यावर द्राक्षफळाचा आशीर्वाद म्हणता येत नाही. पिळण्याचे काम सूर्यास्तापूर्वीच संपले पाहिजे, कारण फळ पिळून रस काढणे हे शब्बाथला वर्ज्य असलेल्या कामांपैकी आहे.

ही वर्ज्य कामे एकूण ३९ असून मिश्नात, म्हणजे यहुदी नियमांच्या प्राचीन संग्रहात, त्यांची यादी दिली आहे. ती यादी वाचणाऱ्या मराठी माणसाला परके काही वाटत नाही. पेरणी, नांगरणी, कापणी, पेंढ्या बांधणे, मळणी, उफणणी, निवडणे, दळणे, चाळणे, कणीक मळणे, भाजणे अशी ती सुरू होते, जणू कुणी कोकणातल्या अंगणात बसून लिहिली आहे. पुढे लोकर कातरण्यापासून विणण्यापर्यंतची, शिकारीची, चामड्याची, लिहिण्याची, बांधकामाची, विस्तव लावण्याची आणि विझवण्याची कामे येतात. घाण्यावर तेल काढणे हे ‘पिळणे’ या सदराखाली, म्हणजे मूळच्या मळणीत मोडते, कारण दोन्हींत आत असलेले बाहेर काढले जाते. आजच्या घरात सर्वांत जास्त चुका ‘निवडणे’ या कामात होतात. शनिवारी ताटात बसून नको असलेले वेचून बाजूला टाकू नये, हवे ते उचलून लगेच खावे. डाळ-तांदूळ निवडणे, कोथिंबीर खुडून साफ करणे, चण्यांतले खडे काढणे, हे सारे शुक्रवारी करावे. विजेचे बटण, मोबाइल, लिफ्ट, वाहन यांचा समावेश अर्थातच नंतरच्या विचारात झाला. फ्रिजमधला दिवा काढून ठेवणे आणि ज्या दिव्यांची रात्री गरज आहे ते आधीच लावून ठेवणे एवढे केले तरी पुष्कळ अडचणी टळतात. शेजाऱ्याला ‘जरा बटण दाबा’ असे सांगूनही चालत नाही.

एक अपवाद मात्र कुणीही विसरू नये. जिवाला धोका असेल तर शब्बाथ बाजूला ठेवलाच पाहिजे. छातीत दुखत असताना रुग्णवाहिका बोलवायची की नाही असा प्रश्न विचारण्यात वेळ घालवणे हाच दोष आहे.

दिवा, प्रार्थना, किद्दूश

आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून दिवा लावावा. ‘स्मरण ठेव’ आणि ‘पाळ’ या दोन शब्दांसाठी दोन ज्योती लावतात. काही घरांत अधिक असतात. मेणबत्त्या चालतात, परंतु काचेच्या पेल्यात पाणी आणि त्यावर खोबरेल तेल घालून वात तेवत ठेवण्याची जुनी पद्धत अधिक सुंदर आहे आणि सावकाश जळत असल्यामुळे सोयीचीही आहे. कोणते तेल चालते, यावर मिश्नात स्वतंत्र अध्याय आहे. रब्बी तर्फोन यांच्या मते ऑलिव्हखेरीज दुसरे तेल नको, पण इतर विद्वानांनी सर्व तेलांना मोकळीक दिली आणि त्या तेलांच्या यादीत सर्वांत आधी तिळाचे तेल घेतले. तेल्यांच्या पोरांनी हे वाचून थोडे सुखावून जायला हरकत नाही.

दिवा घरातील स्त्री लावते. ती नसेल तर पुरुषाने लावावा. आशीर्वाद असा : ‘बारूख अत्ता अदोनाय, एलोहेनू मेलेख हाओलाम, आशेर किद्देशानू बेमिस्वोथाव, वेसिव्वानू लेहद्लीक नेर शेल शब्बाथ.’ ज्याने आपल्या आज्ञांनी आम्हांला पवित्र केले आणि शब्बाथचा दिवा लावण्याची आज्ञा दिली, तो विश्वाचा राजा धन्य, असा त्याचा आशय आहे. सेफार्दी घरांत बहुधा आधी आशीर्वाद म्हणून मग ज्योत लावतात, तर अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपकडच्या यहुदी) स्त्रिया आधी लावून, डोळे झाकून मग म्हणतात. पाठ करताना किंवा मुलांना शिकवताना ईश्वराचे नाव उच्चारू नये, त्या जागी ‘हशेम’ म्हणावे. नाव फक्त प्रत्यक्ष प्रार्थनेत घ्यावे. दिवा लागल्यावर तो उचलू किंवा सरकवू नये, म्हणून जागा आधीच ठरवावी आणि पंख्याचा झोत कुठे जातो ते पाहावे.

जवळ मशीद असेल तर तेथे जावे. (आपली जुनी मंडळी सिनेगॉगला मशीदच म्हणतात. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात बांधलेले ‘शाआर हारहमीम’ हे आपले सर्वांत जुने प्रार्थनास्थळ. मस्जिद रेल्वे स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते.) सामुदायिक प्रार्थनेसाठी १३ वर्षांवरील दहा पुरुषांचा मिन्यान लागतो. कोकणातल्या गावांत तो जमवणे आता कठीण झाले आहे. दहा नसतील तर कद्दीश व केदुशा ही सामुदायिक स्तवने आणि सेफेर तोराचे (तोराच्या हस्तलिखित गुंडाळीचे) आशीर्वादासह वाचन वगळून बाकीची प्रार्थना एकट्यानेही पूर्ण करता येते, त्यामुळे ‘मिन्यान नाही म्हणून प्रार्थना नाही’ असे कधी करू नये. स्तोत्रे, मग शब्बाथला वधू मानून तिचे स्वागत करणारे ‘लेखा दोदी’ हे १६व्या शतकात गालीलातल्या सफेद नावाच्या नगरीत रचलेले गीत, मग शेमा आणि उभ्याने म्हणायची अमीदा, असा क्रम असतो. अमीदा म्हणताना तोंड यरुशलेमकडे, म्हणजे आपल्याकडून पश्चिमेकडे करावे. रोजच्या अमीदात १९ आशीर्वाद असतात, त्यांतले मधले मागण्यांचे : आरोग्य, पाऊस, उपजीविका, न्याय. शब्बाथला ते सर्व गळतात आणि फक्त सात उरतात, कारण या दिवशी देवाकडेही कामाची यादी घेऊन जायचे नसते. मिन्यान असेल तर त्यानंतर ‘मागेन आबोथ’ हा अमीदाचा संक्षेप म्हणतात. अलिबागच्या मशिदीचे नावही तेच आहे, ‘पूर्वजांची ढाल’.

घरी आल्यावर मेजाभोवती उभे राहावे. पेला काठोकाठ भरावा. त्यात निदान ८६ मिलिलिटर सरबत मावावे. यजमानाने उत्पत्तीतल्या पहिल्या अध्यायाचे शेवटचे शब्द आणि दुसऱ्या अध्यायाची पहिली तीन वचने, त्यानंतर ‘बोरे पेरी हगेफेन’ हा द्राक्षफळाचा आशीर्वाद आणि शेवटी शब्बाथच्या पावित्र्याचा आशीर्वाद म्हणावा. या शेवटच्या आशीर्वादात सृष्टी आणि मिसरमधून सुटका ही दोन्ही कारणे पुन्हा एकत्र येतात. सर्वांनी थोडे थोडे सरबत प्यावे, हात तांब्याने धुवावेत आणि भाकरीचा आशीर्वाद होईपर्यंत बोलू नये.

येथे कोकणी घरासाठी एक सूचना द्यावीशी वाटते. ‘हमोसी’ हा भाकरीचा आशीर्वाद गहू, जव आणि त्यांच्या वर्गातल्या मोजक्या पाच धान्यांच्या भाकरीवरच म्हणता येतो. तांदळाची, ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी कितीही आवडती असली तरी तिच्यावर तो म्हणता येत नाही. म्हणून गव्हाच्या दोन अखंड चपात्या फडक्याखाली झाकून ठेवाव्यात. रानात इस्राएल लोकांना सहाव्या दिवशी मान्ना हे देवाने दिलेले अन्न दुप्पट मिळत असे, त्याची खूण म्हणून त्या दोन. आशीर्वाद झाल्यावर तुकडा मिठाला लावून खावा आणि इतरांना द्यावा.

आपले नाव प्रार्थनेत कुठे येते

शुक्रवारी रात्री अमीदाच्या आधी आणि शनिवारी दुपारच्या किद्दूशमध्ये निर्गमच्या ३१व्या अध्यायातली दोन वचने म्हटली जातात : ‘वेशामेरू बेने यिस्राएल एथ हशब्बाथ.’ बेने इस्राएलांनी शब्बाथ पाळावा, पिढ्यानुपिढ्या, कायमचा करार म्हणून. मुलांना ही ओळ शिकवताना येथे थांबावे. ज्या शब्दांनी आपला समाज मराठी मुलखात स्वतःची ओळख सांगत आला, तेच शब्द येथे तोरात जसेच्या तसे आहेत, आणि तेही नेमके शब्बाथच्या आज्ञेत.

मूळ ग्रंथात ‘बेने यिस्राएल’ म्हणजे याकोबाची संतती. यब्बोक ओढ्याकाठी रात्रभर झुंजल्यानंतर याकोबाला इस्राएल हे नाव मिळाले, ते उत्पत्तीच्या ३२व्या अध्यायात आहे. पुढे राज्य दुभंगले. उत्तरेकडचे इस्राएल ख्रिस्तपूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरांनी बुडवले आणि दक्षिणेकडच्या यहूदावरून ‘यहुदी’ हे नाव रूढ झाले. तरी प्रार्थनेत जगभरचा प्रत्येक यहुदी स्वतःला इस्राएलच म्हणतो. ग्रंथाबाहेर या नावाचा सर्वांत जुना उल्लेख मिसरच्या मर्नेप्ताह राजाच्या शिलालेखात, ख्रिस्तपूर्व १३व्या शतकाच्या अखेरीस, सापडतो. आपण त्या उत्तरेकडच्या राज्यातल्या हरवलेल्या दहा वंशांपैकी आहोत काय, याविषयी घराघरांत उत्साहाने वाद होतात. ते वाद जेवणानंतर करावेत, किद्दूशच्या आधी नव्हे. इस्राएल देशात गेलेल्या आपल्या मंडळींच्या वंशाची, लग्नाच्या वेळी चौकशी करावी असा आदेश १९६२ मध्ये तेथील धर्मपीठाने काढला होता. मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये, हे सर्वार्थाने यहुदीच आहेत, अशी मान्यता मिळाली.

शेमा रात्री आणि सकाळी म्हणावी. उजव्या हाताने डोळे झाकून पहिले वाक्य सावकाश उच्चारावे : ‘शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद.’ ‘बारूख शेम’ने सुरू होणारे पुढचे वाक्य हलक्या आवाजात. सेफेर तोरात या वाक्यातल्या पहिल्या शब्दाचे आणि शेवटच्या शब्दाचे अंत्याक्षर मोठे लिहिलेले असते. ती दोन अक्षरे, अयिन आणि दालेथ, जोडली की ‘एद’ म्हणजे ‘साक्षी’ असा शब्द होतो. पोथ्या नसताना आपल्या पूर्वजांनी सुंतेला, लग्नाला आणि मरणसमयी हेच वाक्य म्हटले, असे परंपरा सांगते. म्हणून ज्याला हिब्रू वाचता येत नाही त्याने निदान एवढे पाठ करावे आणि बाकीची प्रार्थना मराठीत वाचावी. जोसेफ एजेकील राजपूरकर यांनी १९व्या शतकातच हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. समजून प्रार्थना करण्याची आपल्याकडची सोय तेव्हापासूनची आहे.

शनिवारी सकाळी तोराचा त्या आठवड्याचा पाठ वाचला जातो आणि त्यासाठी सात जणांना बोलावतात. मशिदीत जाता आले नाही तर तो पाठ घरी मोठ्याने मराठीत वाचावा. नंतरचा वेळ झोप, गप्पा, पाहुणे आणि मुले यांचा. पाहुणा यहुदी नसेल तर त्याने ‘शब्बाथ शालोम’ म्हणावे, मोबाइल खिशात ठेवावा आणि मदतीच्या उत्साहात दिवा बंद करू नये, एवढेच पुरे.

हाब्दाला

आकाशात तीन तारे दिसल्यावर शब्बाथ संपतो. आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, पण पावसाळ्यात आभाळ झाकलेले असते, तेव्हा पंचांगातली वेळ पाहावी. हाब्दाला म्हणजे वेगळे करणे. त्यासाठी सरबताचा पेला, सुगंधी मसाला आणि एकापेक्षा अधिक वातींची ज्योत लागते. मसाल्याला लवंग, दालचिनी, वेलची यांपैकी काहीही चालते. डब्यातले तिखट मात्र नको. पिळाची मेणबत्ती नसेल तर दोन साध्या मेणबत्त्यांच्या ज्योती एकमेकींना भिडवाव्यात. आधी रसाचा आशीर्वाद, मग मसाल्याचा आणि तो सर्वांनी हुंगावा, मग ज्योतीचा. ज्योतीच्या उजेडात बोटे वाकवून नखांकडे पाहावे, म्हणजे त्या उजेडाचा प्रत्यक्ष उपयोग होतो. शेवटचा आशीर्वाद पवित्र आणि साधारण, उजेड आणि अंधार, सातवा दिवस आणि कामाचे सहा दिवस यांना वेगळे करणाऱ्याचा. तो म्हणून पेला प्यावा, थोडे सरबत बशीत सांडू द्यावे आणि ज्योत त्यात विझवावी.

यानंतर एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, यांचे गीत म्हणतात. जगभर ते या वेळी म्हटले जाते, पण अलिबागजवळ खंडाळ्याला त्यांच्या रथाची खूण दाखवणाऱ्या आणि प्रत्येक आनंदप्रसंगी त्यांच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा करणाऱ्या आपल्या समाजात ते जरा अधिक मोठ्याने म्हटले जाते. मग ‘शावुआ टोब’ म्हणून एकमेकांना पुढच्या आठवड्याच्या शुभेच्छा द्याव्यात, शेगडीवरचा पत्रा उतरवावा आणि ज्यांना दुपारपासून ताज्या चहाची आठवण येत आहे त्यांच्यासाठी आधण ठेवावे.